नकाशाला चहा ठाऊक नाही

बुलढाण्यात खोली शोधत होते तेव्हा घरमालक मंडळींनी मला नेहमीचेच प्रश्न विचारले. लग्न झालंय का, मटण शिजवणार का, भेटायला कोण कोण येणार. सिस्टरनी यातलं काहीच विचारलं नाही. चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "तुह्या मोबाइलात जागा किती रिकामी हाये?"

मी पाहून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि मी न्हाणीघर कुठं आहे ते बघेपर्यंत त्यात काहीतरी उतरवायला लावून टाकलं. "अख्खा जिल्हा टाकला तुह्या मोबाइलात," त्या म्हणाल्या. "आता तू कुठीबी हरपत नाई." मी सांगलीहून कॉलेजात शिकवायला आलेली बाई. घर ते कॉलेज आणि कॉलेज ते घर, यापलीकडे मला कुठं जायचंच नव्हतं. चालण्याचा तर मला पहिल्यापासून कंटाळा. पण खोली हवेशीर होती आणि त्यांचा स्वतःचा फोन असल्या नकाशांनी गच्च भरलेला होता, म्हणून आमचं जमलं.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. गावात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. भाजीवाला, एसटीचा कंडक्टर, विहारात येणाऱ्या बायका, सगळ्यांच्या त्या सिस्टर. अंगावर सुती साडी, पायात पुरुषी स्पोर्ट शूज, आणि खांद्यावर लसीच्या जुन्या डब्याचा पट्टा. डबा कधीच मोडीत गेला होता. पट्टा तेवढा राहिला होता, त्याला त्या पाण्याची बाटली लटकवत.

नोकरीभर त्या खेडोपाडी लसी टोचत फिरल्या, पण त्यांना एकही रस्ता ठाऊक नव्हता. जीपमध्ये बसल्या की मांडीवर डबा आणि नजर डब्यावर. झाकण नीट बसलंय का, आतला बर्फ टिकून आहे का, एवढंच बघायचं. गाव आलं की ड्रायव्हर सांगे, उतरा. "साऱ्या जिंदगीत मी डबाच पाह्यला व," त्या म्हणायच्या. "आता रस्ता पाह्याचा हाये." म्हणून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी त्या पायी निघत. ज्या गावांत टोचलं, त्या गावांना डोंगरातून, शेतातून चालत जायचं आणि टोचलेली पोरं आता कशी दिसतात ते पाहायचं, असा त्यांचा बेत.

अडचण एकच होती. त्यांना दिशा कळत नसे. जरासुद्धा कळत नसे. बाजारातून परत येताना त्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थबकत आणि मग खात्रीनं उलट्या बाजूला वळत. चुकल्या की रस्त्यालाच दोष. "काल अठीच होता," म्हणत. त्यामुळे नकाशाचं अ‍ॅप ही त्यांची हौस नव्हती, गरज होती. आणि ते निवडताना त्या जेवढ्या चोखंदळ असत, तेवढं आमच्याकडे जावई निवडतानाही कुणी नसतं.

अ‍ॅपला त्यांनी लसीचीच कसोटी लावली होती. गावात लाइट नसो, जीप बंद पडो, लस थंड राहिलीच पाहिजे. तसं नेट गेल्यावरही जो टिकतो तो नकाशा. नवं अ‍ॅप घेतलं की त्या आधी जिल्ह्याचा नकाशा उतरवून घेत, फोन फ्लाइट मोडवर टाकत आणि चक्क तांदळाच्या डब्यात झाकण लावून ठेवत. दुपारी बाहेर काढून गच्चीवर जात आणि आपण कुठं आहोत ते त्याला विचारत. नेट नसलं तरी आपली जागा फोनला वरून उपग्रहाकडून कळते, नकाशा तेवढा आधी जवळ असावा लागतो, हे त्या स्टँडवर भेटेल त्याला समजावून सांगत. डब्यात ठेवल्यानं नेमकं काय सिद्ध होतं हे मात्र मी कधी विचारलं नाही. तांदूळ त्यांचे होते.

एका अ‍ॅपनं त्यांना शेजाऱ्याच्या विहिरीत उभं दाखवलं. ते त्याच दिवशी गेलं. सगळ्यांच्या फोनमध्ये असतं ते घाट उतरला की पांढरंफटक पडे. तिसरं दिसायला फार देखणं होतं, टेकड्यांना सावल्याबिवल्या, पण दुपारपर्यंत बॅटरी संपवून मोकळं होई. "खादाड हाये," असा शेरा मारून सिस्टरनी त्याला काढलं. चौथं प्रत्येक फेरीनंतर किती तारे देता म्हणून विचारी, आणि सिस्टर गोपनीय अहवाल लिहावा तसं गंभीरपणे दोन तारे देऊन खाली टाइप करत, "काम साधारण. सुधारणेस वाव आहे." अखेर दोनच अ‍ॅप्स शर्यतीत उरली. एक सडका आणि गावं चोख दाखवायचं. दुसऱ्यात पायवाटा तुटक रेघांनी दिसायच्या आणि चढ दाखवणाऱ्या बारीक वळणदार रेषाही होत्या. सिस्टर त्यांना सुरकुत्या म्हणत. "सुरकुत्या जवळजवळ आल्या की समज, गुडघ्याले त्रास हाये."

नकाशावर स्वतःच्या खुणा टाकायची सोय होती, आणि ती त्यांच्या हाती पडल्यावर जिल्ह्याचं रूपच पालटलं. माझ्या फोनलाही त्यांनी सोडलं नव्हतं. उघडला तर देऊळघाटच्या आसपास "गोड पानी", "पिवळं कुत्रं", "सावली, पन मुंग्या" आणि "अठी सून भांडते" असे झेंडे रोवलेले.

हे सगळं मजेचं वाटतं, पण मी राहायला येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या खरोखर हरवल्या होत्या. शहराबाहेर पडून त्या निघाल्या होत्या एका गावाला, आणि घाटात तो पांढरा पडणारा नकाशा पांढरा पडला. तरी चालत राहिल्या, ठाम, उलट्या दिशेनं, आणि बोथ्याच्या जंगलाच्या कडेला जाऊन पोचल्या. त्या भागात अस्वलं आहेत. वनरक्षकानं त्यांना मोटारसायकलवर घरी आणून सोडलं, आणि वाटभर सिस्टर त्यालाच तू चुकून राह्यला म्हणून सांगत होत्या. बातमी पुण्याला मुलापर्यंत गेली.

त्यांचा एकुलता मुलगा, पिंटू, पुण्यात इंजिनिअर. फार चांगला मुलगा. समजूत घालायला लागला की पुण्यासारखं बोले आणि घाबरला की वऱ्हाडीवर येई. त्या दिवशी फोनवर तो शुद्ध वऱ्हाडीत ओरडला होता म्हणे. त्याचं म्हणणं साधं होतं. आईनं लाइव्ह लोकेशन चालू ठेवावं, म्हणजे ती कुठं आहे ते त्याला पुण्यात बसून दिसेल. सिस्टरनी साफ नाही म्हटलं. फिरताना त्या फोन फ्लाइट मोडवर ठेवत. बॅटरी वाचते हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

"मले नकाशा पाह्याचा हाये," त्या मला भाकरी थापता थापता म्हणाल्या. "नकाशानं मले पाह्याचं नाई."

"पण त्याला काळजी वाटते हो."

"वाटू दे ना. माय हाये मी त्याची. मले का त्याची वाटत नाई? मी पाह्यते का तो कोन्या हॉटेलात बसला ते?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

पिंटूनं मग दुसरा उपाय काढला. आई रविवारी निघताना कुठं जाणार ते सांगे, तो पुण्यात बसून त्या वाटेचा वेळ काढे आणि त्या वेळेनंतर फोन करत बसे. फोन लागत नसे. तो मला लावे. मीही घाबरे. आणि सिस्टर दरवेळी त्यानं काढलेल्या वेळेच्या कितीतरी नंतर, उन्हानं तांबूस झालेल्या, आरामात येत. तीन तासांची वाट आणि आई दिवस मावळताना घरी. त्याचा निष्कर्ष असा की आईला आता चालवत नाही, नाहीतर ती दरवेळी कुठंतरी चुकते आणि आपल्याला सांगत नाही.

खरं कारण मला ठाऊक होतं, कारण एकदा कर्म ओढवलं आणि मी त्यांच्याबरोबर गेले होते. वाटेत घर आलं की दारातून हाक यायची, "सिस्टर, च्या घ्या." आणि सिस्टर आत. पायरीवर बसायचं, चहा यायचा, घरातलं टोचलेलं माणूस बाहेर बोलावलं जायचं. ते सहसा मिशा फुटलेलं किंवा स्वतःच्या पोराला कडेवर घेतलेलं असायचं, आणि सिस्टर त्याचा दंड दाबून पाहायच्या. तोवर शेजारीण भिंतीवरून म्हणायची, "आमच्याकडे काऊन नाई?" नाही म्हणायची सोयच नव्हती. एका घरी घेऊन दुसरीकडे नाकारला तर ते वर्षभर लक्षात राहतं. मी शेवटी शेवटी कपाकडे बघूच शकत नव्हते.

"अ‍ॅप काय सांगते, दोन तास," सिस्टर बशीत फुंकर घालत म्हणाल्या. "त्याले चालनं माहीत हाये. च्या माहीत नाई."

हे पिंटूला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, चहाला पाच मिनिटं लागतात." तो बरेच दिवस पुण्यात होता.

दिवाळीला तो गाडी घेऊन आला आणि जेवताना शांतपणे, पुणेरीत, त्यानं विषय काढला. त्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली तयार होती. खाली सोसायटीची बाग होती, तिच्यात चालायला गोल ट्रॅक होता. "तिथं हरवायचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. सिस्टरचा घास हातातच राहिला. गोल गोल फिरून परत तिथंच यायचं, यापेक्षा अस्वल परवडलं असतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी येळेत चालून दाखवलं तं?"

अशी ती परीक्षा ठरली. देऊळघाटच्या स्टँडवरून निघायचं आणि डोंगरापलीकडच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रावर पोचायचं. सिस्टरची पहिली नेमणूक तिथली. गावाचं नाव लिहीत नाही, माझे तिथले काही चहा अजून राहिलेत. पिंटू गाडीनं पुढं जाऊन थांबणार. त्यानं काढलेल्या वेळात, वर गुडघ्यांसाठी थोडा जादा वेळ धरून, आई पोचली तर ती बुलढाण्यात राहील आणि तो लोकेशनचं नाव काढणार नाही. नाही पोचली तर सामान बांधायचं. मी सोबत जायचं, पण वाट दाखवायची नाही. ही अट ऐकून मला हसू आलं. मला तरी कुठं येत होती वाट!

आदल्या दुपारी सिस्टर दोन्ही अ‍ॅप्स उघडून बसल्या. सडकेवालं चोख होतं, वाट सोपी होती, मधे तीन गावं लागत होती. त्यांनी ते बंद केलं. मग पायवाटांच्या नकाशावर बोटानं रेघ ओढायला लागल्या. रेघ गावाजवळ आली की धरून बाजूला सारत. घर दिसलं की आणखी बाजूला. होता होता ती रेघ डोंगराच्या सुरकुत्यांमधून वर चढली.

"अहो, हा तर चढ आहे," मी म्हटलं. "आणि लांबचीही वाट आहे."

"हाव. पन कोनाच्याच दारावरून जात नाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दारावरून गेली तं थांबा लागते."

तेच अ‍ॅप त्यांनी कायमचं निवडलं. इतके महिने चाललेली निवड त्या एका दुपारी संपली, पण त्यांना त्याचा आनंद झाल्याचं काही दिसलं नाही.

सकाळी निघालो. सिस्टर फोन हातात धरून चालत होत्या, पूर्वी डबा धरत असतील तशा. मी मागून धापा टाकत होते. अ‍ॅप खरंच गुणी निघालं. ओढ्याला दोन फाटे होते तिथं सिस्टर सवयीनं चुकीकडे वळल्या, फोन थरथरला, आणि त्या मुकाट्यानं परत फिरल्या. डोंगर चढलो, उतरलो. खाली कपाशीची शेतं लागली. वेचणी चालू होती. वाट बांधाच्या कडेनं जात होती आणि गाव आता समोर दिसत होतं. वेळेत होतो.

तेवढ्यात शेतातून हाक आली. "सिस्टर! ओ सिस्टर! चाय तो पीके जाव!"

कपाशीत एक बाई उभी होती. डोईवर ओढणी, कमरेला कापसाची ओटी. तिच्यामागं तीन दगडांवर पातेलं ठेवलेलं, खाली धूर. सिस्टरनी मान वर केली नाही. फोनकडे बघत, पावलं भराभर टाकत त्या चालत राहिल्या. बाईनं पुन्हा हाक मारली, ओटी सावरत बांधापर्यंत धावत आली आणि तिथं कपाळावर हात धरून आमच्या पाठीकडे पाहत राहिली.

मी मागं वळून पाहिलं. तिसरी हाक तिच्या ओठांवर आलेली दिसत होती, पण तिनं ती मारली नाही. हात खाली घेतला आणि ती परत वेचायला गेली.

"सिस्टर," मी म्हटलं, "ती तुम्हालाच—"

"ठाऊक हाये. चाल."

आम्ही उपकेंद्रावर पोचलो तेव्हा पिंटू बॉनेटला टेकून उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि धावत येऊन आईला मिठी मारली. मनापासून खूश झाला होता तो, हरल्याचा आनंद झाल्यासारखा. "मानलं आई! वेळेच्या आधी!" गाडीतून थर्मास काढून त्यानं चहा ओतला आणि पुढं केला.

सिस्टरनी हात मागं घेतला. उपकेंद्राच्या पायरीवर बसून त्या बूट न्याहाळत होत्या. मग उठल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "पिंट्या, गाडी काढ. मांगं जाचं हाये."

गाडी शेतापर्यंत जेमतेम गेली. उतरून सिस्टर बांधावरून कपाशीत शिरल्या, मागं पिंटू, मागं मी. बाईनं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अरे सिस्टर! आव, बैठो, बैठो!" रशीदाबी तिचं नाव. तिचे दोन्ही मुलगे सिस्टरनीच टोचलेले. फडकं झटकून तिनं आम्हाला बसायला दिलं, पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं आणि हसत हसत सांगायला लागली.

"सवेरे एक बाई गई इधरसे. चाल भी तुम्हारी, पट्टा भी तुम्हारे जैसा. मैं आवाज दी. फिर देखी, वो रुकीच नहीं. मैं बोली, नहीं, ये सिस्टर नहीं. सिस्टर रहती तो रुकती."

मला मान वर करवेना.

"मीच होती," सिस्टर म्हणाल्या.

रशीदाबीचं हसू तसंच राहिलं, पण हात थांबला. "काऊन?" तिनं मराठीत विचारलं.

"परीक्षा होती माही."

"पास झाली?"

सिस्टरनी पिंटूकडे पाहिलं नाही. "नाई," त्या म्हणाल्या. "नापास झाली." आणि पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. अंगणात वीज पडली होती तेव्हासुद्धा त्या रडल्या नव्हत्या, फक्त फोन ठीक आहे ना ते पाहिलं होतं.

पिंटू मातीत बसून होता, हातात कानतुटका कप. त्यानं तो हळूहळू संपवला. मग कप रशीदाबीपुढं धरला. "मावशी," तो म्हणाला, "अजून अर्धा भेटंल का?" पुणेरी कुठच्या कुठं गेली होती. रशीदाबीनं पूर्ण कप भरला आणि त्याचा दंड चाचपून पाहिला, सिस्टर पाहत तसाच. "तेरेकू भी मैंच पकडी थी," ती म्हणाली. "तेरी माँ सुई लेके आई, और तू ऐसा चिल्लाया!"

परतीला आम्ही सडकेनं आलो. मधे तीन गावं. गाडी दिसली, सिस्टर दिसल्या, आणि पुढचं सांगायला नकोच. पिंटूनं सवयीनं फोन समोर लावला होता. फोन दर चहानंतर नव्यानं हिशेब करे आणि देऊळघाट वीस मिनिटांवर असल्याचं सांगे. पहिल्या गावात पिंटू त्याच्याकडे बघत होता. दुसऱ्या गावात त्यानं तो बंद केला. तिसऱ्या गावात एका आजीनं त्याला आतल्या खोलीत नेऊन कुणाचा तरी जुना फोटो दाखवला आणि तो बराच वेळ बाहेरच आला नाही. ओट्यावर सिस्टर निवांत बसल्या होत्या, नकाशा उघडून. मी डोकावले. रशीदाबीच्या शेतावर त्यांनी नवी खूण टाकली होती. त्यावर लिहिलं होतं, "थांबाचं."

तो पुण्याला परतला, एकटा. लोकेशनचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. काळजी काही संपली नाही, ती कशी संपेल. पण रविवारी संध्याकाळी फोन आला की तो आता "कुठं आहेस, पोचलीस का" असं विचारत नाही. "आई, आज किती च्या झाले?" एवढंच विचारतो. आकडा मोठा आला की त्याला बरं वाटतं.

मी सांगलीला परत येऊन बरेच दिवस झाले. इथं मी चालायला जात नाही, पूर्वीही जात नव्हते. माझा फोन आता म्हातारा झालाय, आणि जागा संपत आली, बुलढाणा जिल्हा काढून टाकू का, असं मला सारखं विचारतो. मी प्रत्येक वेळी नाही म्हणते आणि स्वतःचे फोटो पुसते.